एबीए सेंटरविरुद्ध तक्रार: लायसन्स माणसाला असतं, सेंटरला नाही

डॅलसजवळ राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेला, आठवड्याला तीस तास एबीए थेरपीला, म्हणजे वर्तनावर आधारलेल्या थेरपीला, जातो. आठ महिन्यांत पाचवी टेक्निशियन, म्हणजे मुलाबरोबर प्रत्यक्ष बसणारी मदतनीस, आली. आत बसून बघायची परवानगी मागितली तर 'बाकीच्या मुलांची प्रायव्हसी' हे उत्तर. इन्शुरन्सच्या हिशोबात एका अशा दिवसाचेही तास लावलेत, ज्या दिवशी मुलगा तापाने घरी होता. विचारलं तर सेंटर म्हणतं, "आमचा सगळा स्टाफ लायसन्स्ड आहे." तक्रार कुठे करायची, केली तर काही होतं का, आणि नवरा एच-वन-बीवर आहे तर त्याला त्रास होईल का, असं त्यांनी विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण आपली निम्मी माणसं तिथेच अडतात. नाही, त्रास होणार नाही. व्यवसायाच्या लायसन्सबद्दल राज्याच्या खात्याकडे केलेली तक्रार आणि तुमचा व्हिसा यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. 'परक्या देशात कशाला नसतं झेंगट' हा विचार मला कळतो. मीही इथे एफ-वनवर आले आणि पहिली काही वर्षं पोस्टमनलासुद्धा घाबरून राहिले. पण इथे तुम्ही पाहुण्या नाही, पैसे मोजून सेवा घेणाऱ्या ग्राहक आहात. खरा ग्राहक तुमचा मुलगा आहे, आणि त्याला तक्रारीचा फॉर्म भरता येत नाही.

मी बीसीबीए, म्हणजे मुलाचा एबीए कार्यक्रम आखणारी आणि टेक्निशियनवर देखरेख ठेवणारी प्रमाणित बिहेवियर ॲनालिस्ट आहे, तेरा वर्षं झाली. पहिली पाच कॅलिफोर्नियात, नंतर टेक्सासात.

आता 'सगळा स्टाफ लायसन्स्ड आहे' या वाक्याकडे येऊ, कारण ते जवळजवळ नक्कीच खरं नाही. टेक्सासात बिहेवियर ॲनालिस्टला राज्याचं लायसन्स लागतं. कायदा २०१७ साली झाला आणि १ सप्टेंबर २०१८ पासून विनालायसन्स काम करता येत नाही. त्यात दोन पायऱ्या आहेत: लायसन्स्ड बिहेवियर ॲनालिस्ट आणि त्याच्या हाताखालचा असिस्टंट. तुमच्या मुलाबरोबर दिवसभर जी मुलगी जमिनीवर बसलेली असते, ती या दोन्हींत मोडत नाही. ती टेक्निशियन. तिच्याकडे बहुधा आरबीटी हे प्रमाणपत्र असेल. म्हणजे वय अठरा पूर्ण, बारावीपर्यंतचं शिक्षण, चाळीस तासांचं प्रशिक्षण, एक प्रात्यक्षिक तपासणी आणि एक परीक्षा. हे प्रमाणपत्र बिहेवियर ॲनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड (बीएसीबी) ही खासगी ना-नफा संस्था देते, टेक्सास राज्य नाही; बीसीबीएचं प्रमाणपत्रही तीच देते. राज्य तिला लायसन्समधून सूट देतं, कारण ती लायसन्सधारकाच्या देखरेखीखाली काम करते असं कायदा धरून चालतो. म्हणजे तीस तासांतले बहुतेक तास तुमचं मूल अशा व्यक्तीजवळ असतं जिच्यावर राज्याचा थेट हात नाही. सगळा डोलारा त्या 'देखरेख' शब्दावर उभा आहे.

यात टेक्निशियन मुलींना कमी लेखायचं नाही. माझ्या पाहण्यातल्या काही आरबीटी माझ्यापेक्षा मुलांना जास्त ओळखायच्या. पण पगार बेताचा, काम अंगमेहनतीचं, चावे-ओरखडे रोजचे, मग त्या टिकत नाहीत. पाचवी टेक्निशियन आली हा लायसन्सच्या नियमांचा भंग नाही, त्यावर तक्रार केलीत तर ती तिथल्या तिथे बंद होईल. देखरेख झाली नाही, हा मात्र भंग ठरू शकतो. तेव्हा सेंटरला हा प्रश्न लेखी विचारा: गेल्या महिन्यात बीसीबीएने माझ्या मुलाला प्रत्यक्ष किती तास पाहिलं आणि कोणकोणत्या तारखांना? बीएसीबीचा किमान नियम आरबीटीच्या महिन्याच्या कामाच्या पाच टक्के तास एवढाच आहे, आणि तो तिच्या एकूण कामावर मोजतात, तुमच्या एकट्या मुलावर नाही. म्हणून 'आम्ही पाच टक्के करतो' या उत्तरावर समाधान मानू नका. आमच्या व्यवसायात चांगलं काम म्हणजे दर दहा तासांमागे एक ते दोन तास देखरेख. तीस तासांना आठवड्याचे तीन ते सहा तास. तुम्हाला महिन्याचे तीन तास सांगितले, तर सूत तिथूनच धरा.

लायसन्स तपासायला पाच मिनिटं लागतात. टेक्सासचं खातं म्हणजे टेक्सास डिपार्टमेंट ऑफ लायसन्सिंग अँड रेग्युलेशन, सगळे टीडीएलआर म्हणतात. हेच खातं इलेक्ट्रिशियनला, न्हाव्याला, गाडी ओढून नेणाऱ्या टो-ट्रकवाल्याला आणि सुईणीलाही लायसन्स देतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता त्यातला फायदा कळतो: तक्रार नोंदवून घ्यायची त्यांची यंत्रणा मुरलेली आहे. त्यांच्या वेबसाइटवर नावाने शोधा. ट्रीटमेंट प्लॅनच्या शेवटच्या पानावर ज्याची सही आहे ते नाव घ्या, सेंटरच्या भिंतीवर फोटो लावलाय ते नाव नव्हे. सापडलं नाही तर लगेच फसवणूक समजू नका, लग्नापूर्वीचं आडनाव घालून बघा. मग तेच नाव बीएसीबीच्या यादीत बघा. टेक्सासचं लायसन्स मुळात बीसीबीएच्या प्रमाणपत्रावर उभं आहे, त्यामुळे एकीकडे गडबड दिसली की दुसरीकडेही दिसते.

इथेच आपल्या लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. टीडीएलआर लायसन्स देतं ते माणसाला. एबीए सेंटर नावाच्या जागेला किंवा कंपनीला ते लायसन्स देत नाही. अर्ध्या देशात शाखा असलेली, गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणारी कंपनी टेक्निशियनना वीस-वीस मुलांमध्ये फिरवत असेल, तर टीडीएलआरला हात घालता येतो तो फक्त त्या बीसीबीएला, जिची सही कागदावर आहे. कंपनीच्या धोरणाचं खापर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर फुटतं. हे बरोबर नाही असं माझं मत आहे, आणि व्यवसायातल्या बऱ्याच जणांचं आहे. पण आजची रचना तीच आहे, म्हणून कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा हे समजून घ्यायला हवं.

माणसाचं वागणं, देखरेख नसणं, खोट्या नोंदी, संमतीशिवाय केलेले उपाय, लायसन्स नसताना काम: हे टीडीएलआरकडे. ते चौकशी करतात, कागद मागवतात, इशारा देतात, लायसन्स निलंबित किंवा रद्द करू शकतात, एका उल्लंघनाला दिवसाला ५,००० डॉलरपर्यंत दंडही करू शकतात. तो दंड राज्याच्या तिजोरीत जातो. तुमचे पैसे परत मिळवून देणं किंवा दुसऱ्या सेंटरमध्ये जागा मिळवून देणं हे त्यांचं काम नाही. पालकांना याचाच राग येतो. मारहाण, कोंडून ठेवणं, अंगावर वळ, यातलं काही असेल तर टीडीएलआरची वाट बघू नका, त्याच दिवशी राज्याच्या बालअत्याचार हॉटलाइनला फोन करा. टेक्सासात असा संशय आल्यावर कळवणं हे प्रत्येक माणसाचं कायदेशीर कर्तव्य आहे, केवळ डॉक्टर-शिक्षकांचं नाही.

पैशाचं प्रकरण निराळं आहे, आणि तुमच्या बाबतीत सर्वांत भक्कम धागा मला तोच दिसतो.

इन्शुरन्सकडून येणारा हिशोबाचा कागद समोर घ्या, ज्याला ईओबी म्हणतात. त्यात पाच आकडी कोड दिसतील. ९७१५३ म्हणजे टेक्निशियनने मुलाबरोबर घालवलेला वेळ. ९७१५५ म्हणजे बीसीबीएने स्वतः हजर राहून कार्यक्रमात केलेले बदल. ९७१५६ म्हणजे पालकांचं प्रशिक्षण. पुढे युनिटचा आकडा असतो, आणि एक युनिट म्हणजे पंधरा मिनिटं. ९७१५३ पुढे २४ लिहिलंय म्हणजे सहा तास. आता कॅलेंडर उघडा. त्या दिवशी मूल नऊ वाजता सोडलं आणि दीडला आणलं, तर १८ युनिट व्हायला हवेत. ९७१५६ पुढे काही आकडा असेल तर स्वतःला विचारा, मला कोणी शेवटचं कधी शिकवायला बसवलं होतं? एका ओळखीच्या बाईंच्या कागदावर दर शनिवारी एक तास पालक प्रशिक्षण लागलं होतं. त्या शनिवारी सकाळी मराठी शाळेत शिकवतात.

हे सुटं प्रकरण नाही. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने इंडियाना राज्याच्या मेडिकेडमधून (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना) २०१९ आणि २०२० मध्ये एबीएसाठी दिलेल्या पैशांची तपासणी केली. नमुना म्हणून १०० प्रकरणं काढली. शंभरच्या शंभरांत चुकीचं किंवा संशयास्पद बिल निघालं. किमान ५ कोटी ६० लाख डॉलर अयोग्यरीत्या दिले गेले, असा त्यांचा अंदाज २०२४ च्या डिसेंबरात जाहीर झाला. सेशनच्या नोंदी अपुऱ्या, जेवणा-झोपण्याच्या वेळेचंही बिल लावल्याची शंका, योग्य प्रमाणपत्र नसलेली माणसं. त्याच महिन्यात मिनेसोटात एफबीआयने ऑटिझम केंद्रांची झडती घेतली. पैसा वेगाने आला, बघणारे डोळे मागे राहिले.

तुम्ही लगेच तक्रारीवर उडी मारू नका. आधी सेंटरला ईमेल करा, फोन नव्हे: अमुक तारखेला मुलगा आजारी होता, तरी बिल दिसतंय, त्या दिवसाची सेशन नोट पाठवा. मुलाच्या नोंदी बघायचा हक्क तुम्हाला हिपा या आरोग्य-नोंदींच्या केंद्रीय कायद्याने आहे, साधारण तीस दिवसांत त्यांनी द्यायला हव्यात. सोबत पुरावा जोडा. ताप असेल तर त्या दिवशी डॉक्टरकडे गेला असालच, त्या भेटीचा कागद सर्वांत उत्तम. कधीकधी खरोखरच तारीख चुकलेली असते आणि आठवड्यात दुरुस्त बिल जातं. मग विषय संपला. पण 'सिस्टीममध्ये एरर होता' म्हणून महिनाभर घोळवलं, किंवा त्या दिवसाची नोट आली आणि तीत 'आज मुलाने छान सहकार्य केलं' असं लिहिलेलं निघालं, तर ती नोट सोन्यासारखी जपा.

मग इन्शुरन्स कंपनीच्या फसवणूक तपास विभागाला कळवा. कंपनीच तुमचं ऐकत नसेल तर पुढची खिडकी तुमच्या कार्डावर अवलंबून आहे. कार्डावर 'टीडीआय' किंवा 'डीओआय' ही अक्षरं छापलेली आहेत का बघा. असतील तर तुमचा प्लॅन टेक्सासच्या विमा खात्याच्या अखत्यारीत येतो, तिकडे दाद मागा. नसतील तर बहुधा नवऱ्याच्या कंपनीचा स्वतःच्या पैशाचा प्लॅन आहे. मोठ्या आयटी कंपन्यांत सर्रास असतो. त्यावर राज्याचं काही चालत नाही, केंद्राचा कामगार विभाग बघतो. चुकीच्या दारात तीन महिने उभं राहून 'इथे कुणी ऐकत नाही' म्हणणारी कितीतरी कुटुंबं मी पाहिलीत. मेडिकेडवाल्यांसाठी तिसरी खिडकी आहे, राज्याच्या आरोग्य आयोगाचा महानिरीक्षक.

आत बसू न देण्याबद्दल. प्रायव्हसी हे कारण पूर्ण खोटं नाही, खोलीत चार मुलं असतात. पण त्यावर उपाय आहेत: वेगळी खोली, एकतर्फी काच, ठरलेल्या वेळी बीसीबीएबरोबर पाहणी. उपचाराला संमती देणाऱ्या व्यक्तीला उपचार बघूच न देणं मला मान्य नाही. २०२२ पासून लागू झालेल्या आमच्या आचारसंहितेत तर पालकांची संमती घ्यायचीच, शिवाय जमेल तिथे मुलाचीही तयारी आहे का ते बघायचं, असं लिहिलंय. रडत-ओरडत पाय घट्ट रोवून बसणारं मूल काहीतरी सांगत असतं. तेव्हा लेखी मागा: महिन्यातून दोनदा पाहणीची वेळ द्या. नकार आला तर तोही लेखी घ्या. मुलाच्या दप्तरात रेकॉर्डर लपवायची कल्पना तुम्ही सुचवली आहे, ती वकिलाला विचारल्याशिवाय करू नका. रेकॉर्डिंगचे कायदे प्रत्येक राज्यात वेगळे आहेत आणि बाकीच्या मुलांचे आवाजही त्यात येतील.

आता जरा माझं. कॅलिफोर्नियातल्या माझ्या पहिल्या नोकरीत माझ्या नावावर बावीस मुलं होती. शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याभराच्या नोट्स सहीला यायच्या. एका शुक्रवारी माझ्या लक्षात आलं की एका मुलाच्या चार दिवसांच्या नोट्स शब्दन् शब्द सारख्या आहेत, स्पेलिंगच्या चुकीसकट, आणि त्यातल्या बुधवारी तो मुलगा आलाच नव्हता. मी त्यावर सही केली नाही. पण त्याआधीच्या कित्येक शुक्रवारी न वाचता सह्या केल्या होत्या, हेही त्याच दिवशी कळलं. वरिष्ठांना सांगितलं, ते म्हणाले बघतो. दोन महिन्यांनी मी सोडलं. आज वाटतं, तेव्हा मीच तक्रार करायला हवी होती. कॅलिफोर्नियात बिहेवियर ॲनालिस्टला राज्याचं लायसन्सच नाही, म्हणजे बीएसीबी सोडून दुसरं दारही नव्हतं, पण ते एक दार तरी ठोठवायचं.

आणि टेक्सासात माझ्याविरुद्ध तक्रार झालेली आहे. एका कुटुंबाचे तास इन्शुरन्सने निम्म्यावर आणले, मी नोकरी बदलत होते, आणि त्यांना वाटलं मी मुलाला वाऱ्यावर सोडलं. राज्याकडून पत्र आलं तेव्हा हातपाय गार पडले. लेखी उत्तर, दोन वर्षांच्या नोंदी, ईमेलच्या प्रती, सगळं पाठवलं. कित्येक महिने काहीच कळलं नाही, मग कारवाई न करता प्रकरण बंद झाल्याचं पत्र आलं. पण त्या आईचं एक म्हणणं खरं होतं: हस्तांतराची माहिती मी तिला तोंडी दिली होती, कागदावर नाही. तेव्हापासून देते. तुम्हाला हे अशासाठी सांगते की तक्रार म्हणजे कुणाचं आयुष्य उद्ध्वस्त करणं नव्हे. प्रामाणिक माणूस नोंदी दाखवून सुटतो. आणि तपासणारा माणूस तुमच्या रागावरून काही ठरवत नाही. तारीख, वेळ, कोण, काय, कागद. 'ते लोक फार वाईट आहेत' अशी तीन पानं पाठवलीत तर त्यातून त्याच्या हाती काही लागत नाही. 'अमुक तारखेला मूल घरी, हा डॉक्टरचा कागद, ही त्याच दिवसाची सेशन नोट, ही सही' हे एका पानात बसतं.

ही व्यवस्था मुळात कुठून आली हे थोडक्यात, कारण त्यात एक गंमत आहे. १९७२ साली मायामीच्या सनलँड या सरकारी संस्थेत, बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांवर 'वर्तन सुधारणे'च्या नावाखाली भयानक अत्याचार होत असल्याचं चौकशीत उघड झालं. त्या काळी दोन-चार दिवसांची कार्यशाळा करून कुणीही स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेई. त्या धक्क्यातून फ्लोरिडात मार्गदर्शक नियम आले, पुढे परीक्षा आली, आणि १९९८ मध्ये बीएसीबी स्थापन झाली ती त्याच परीक्षेच्या पायावर. राज्यांची लायसन्सं २००९ पासून नेवाडा आणि ओक्लाहोमाने सुरू केली. न्यूयॉर्कमध्ये २०१४ पासून, न्यू जर्सीचा कायदा २०२० चा. आज तीसपेक्षा जास्त राज्यांत लायसन्स आहे. ज्या फ्लोरिडात हे सगळं सुरू झालं, तिथे मात्र राज्याचं लायसन्स नाही. तुमची उद्या टॅम्पाला बदली झाली तर हे लक्षात असू द्या.

तुम्ही हेही विचारलंय की पुण्याला परत गेलो तर तिथे काय. तिथलं चित्र अजून कच्चं आहे. २०२३ पासून बीएसीबी भारतातून नवे अर्ज घेत नाही, त्यामुळे नवीन मंडळी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रं घेतात. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीत विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, बिहेवियर ॲनालिस्ट हा वेगळा प्रवर्ग नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय कायद्याच्या परिशिष्टात मात्र 'बिहेवियरल ॲनालिस्ट' हे नाव आलेलं आहे. म्हणून तिथे कुणी 'सरकारमान्य एबीए थेरपिस्ट' अशी पाटी लावली असेल तर विचारा, कुठल्या सरकारचं, कुठला नोंदणी क्रमांक? फी घेऊन दिलेल्या सेवेत कसूर झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. त्यासाठी पावती लागते. रोख देऊन चिठ्ठीवर हिशोब ठेवणाऱ्या सेंटरकडूनही पावती मागून घ्या.

तुमचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात दोन ईमेल: तापाच्या दिवसाची सेशन नोट आणि गेल्या तीन महिन्यांच्या देखरेखीच्या तारखा. टीडीएलआरचा अर्ज त्या उत्तरांनंतर भरा. मधल्या काळात दुसऱ्या दोन सेंटरच्या वेटिंग लिस्टवर नाव घालून ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत. तक्रार केल्यावर सेंटर तुम्हाला काढून टाकेल ही भीती अगदीच निराधार नाही, पण हस्तांतराची व्यवस्था न करता मुलाला अचानक सोडणं हा बीसीबीएसाठी आचारसंहितेचा भंग ठरतो, आणि तसं झालंच तर तो तुमच्या अर्जातला आणखी एक मुद्दा. ट्रीटमेंट प्लॅन आणि प्रगतीचे आलेख मात्र आत्ताच मागून ठेवा, संबंध बरे आहेत तोवर. आणि ती तापाच्या दिवसाची नोट आली की मुलाचं नाव आणि जन्मतारीख खोडून मला पाठवा, सहीखाली कुणाचं पद लिहिलंय ते आपण आधी बघू.